नोकरी गेली तर भार कोणाच्या माथी? जर्मनी, अमेरिका, डेन्मार्क, जपान

मुळामुठा

मंडळी, दुसऱ्या एका धाग्यावर ‘जर्मनीत कुणाला काढताच येत नाही’ असं वाचलं आणि त्याच्याच खाली ‘अमेरिकेत सकाळी इमेल, दुपारी घरी’ असंही. तिथे लिहीत बसले असते तर मूळ विषय भरकटला असता, म्हणून वेगळा धागा काढतेय. परदेशातल्या मंडळींनी आपापल्या देशाची भर घालावी ही विनंती.

मी श्टुटगार्टजवळ असते, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. आमच्या भागात सध्या कँटीनमध्ये दुसरा विषयच नाही, त्यामुळे कायदा बऱ्यापैकी तोंडपाठ झालाय.

तर, जर्मनीत काढता येतं. कारण द्यावं लागतं, क्रम पाळावा लागतो आणि कागद चोख लागतो, इतकंच. नोकरीला सहा महिने झालेले असतील आणि त्या ठिकाणी दहापेक्षा जास्त माणसं असतील तर संरक्षणाचा कायदा लागू होतो. मग मालकाला तीनपैकी एक कारण दाखवावं लागतं: माणसाशी निगडित (उदा. लांबलेलं आजारपण), वागणुकीशी निगडित, किंवा धंद्याची गरज. धंद्याच्या गरजेपायी काढायचं तरी कोणाला आधी, हे मालकाच्या मर्जीवर नसतं. नोकरीची वर्षं, वय, पोसायची माणसं आणि गंभीर अपंगत्व या चार गोष्टी बघून ज्याला धक्का कमीत कमी बसेल त्याचा नंबर आधी लागतो. म्हणजे तिशीतला, बिनलग्नाचा, नुकताच रुजू झालेला. आपल्याकडून येणारी बरीच मुलं नेमकी याच गटात असतात.

वर बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ. किमान पाच माणसं असली की असं मंडळ निवडता येतं. ते असेल तर कोणालाही काढण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. न ऐकता दिलेलं पत्र रद्दबातल. मंडळाने विरोध केला तरी मालक पत्र देऊ शकतो, पण मग श्रम न्यायालयात त्याची बाजू लंगडी पडते. बहुतेक खटले निकालापर्यंत जातच नाहीत, पैशांवर मिटतात. नोकरीच्या दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार हा बोलाचालीचा आकडा.

नोटीस चार आठवड्यांपासून सुरू होते आणि २० वर्षं नोकरी झालेल्याला सात महिन्यांची मिळते. नंतर भत्ता: गेल्या ३० महिन्यांत १२ महिने वर्गणी भरलेली असेल तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के. जास्तीत जास्त एक वर्ष. वय ५८ च्या पुढे असेल तर दोन वर्षांपर्यंत. याला कोणी खैरात म्हणू नये. पगाराच्या २.६ टक्के रक्कम यासाठीच कापली जाते, निम्मी आपली, निम्मी मालकाची.

आता एवढं सगळं असूनही नोकऱ्या जातातच. फोक्सवागन आणि ईगे मेटाल ही कामगार संघटना यांच्यात डिसेंबर २०२४ मध्ये करार झाला. २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायच्या, पण सक्तीने कोणाला काढायचं नाही. कोणी लवकर निवृत्त होईल, कोणी रक्कम घेऊन जाईल, रिकाम्या जागा भरायच्या नाहीत. वाचायला छान वाटतं. पण ज्या रिकाम्या जागा भरल्या जाणार नाहीत, त्यावर उद्या येऊ शकला असता असा जो पोरगा आहे, तो करारावर सही करायला नव्हता.

म्हणून मला ‘कुठे काढणं सोपं, कुठे अवघड’ यापेक्षा नोकरी गेल्याचा खर्च कोण उचलतं हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. मालक, विमा, सरकार, घरचे, की ज्याचा व्हिसा त्या नोकरीला बांधलाय तो?

—

हडसनकाठ

चांगला धागा, वेळेवर काढलात. अमेरिकेची बाजू मी लिहितो, दोन लेऑफमधून गेलोय.

इथे मॉन्टाना हे एक राज्य सोडलं तर सगळीकडे ‘ॲट विल’. कारण द्यायची गरज नाही. वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व यावरून काढलं असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, पण सिद्ध करायचं तुम्ही. १९८८ चा वॉर्न नावाचा कायदा आहे: १०० किंवा जास्त माणसांच्या कंपनीने मोठी कपात करायची तर ६० दिवस आधी लेखी कळवायचं. बऱ्याच कंपन्या ते ६० दिवस नुसता पगार देतात आणि लॅपटॉप त्याच दिवशी बंद करतात. माझा असाच बंद झाला. मीटिंगचं आमंत्रण आलं, त्यात फक्त मॅनेजर आणि एचआर, तेव्हाच काय ते कळलं. कंपनीचं नाव घेत नाही.

भत्ता राज्याराज्याप्रमाणे. मूळ कायदा रूझवेल्टच्या काळातला, १९३५ चा. बहुतेक ठिकाणी २६ आठवडे. पण फ्लोरिडात बेकारी कमी असली की १२ आठवडेच, आणि आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर. मॅसॅच्युसेट्समध्ये तीच मर्यादा हजाराच्या वर. देश एक, माणूस तोच, आणि पत्ता बदलला की चौपट फरक.

पैसे मालकाकडून कराच्या रूपात येतात आणि जी कंपनी जास्त माणसं काढते तिचा दर वाढतो. ही युक्ती मला आवडते. युरोपातल्या लोकांनी बघावी. फक्त केंद्राचा जो कर आहे तो वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलरवरच लागतो आणि ही मर्यादा १९८३ पासून हललेली नाही. त्यामुळे निधी कायम अशक्त.

पण खरा फटका भत्त्याचा नाही, आरोग्यविम्याचा. विमा नोकरीला चिकटलेला. कोब्रा नावाच्या तरतुदीने जुनाच विमा १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, फक्त संपूर्ण हप्ता आपण भरायचा, वर दोन टक्के हाताळणी. चौघांच्या कुटुंबाचा हप्ता महिन्याला दोन हजार डॉलरच्या घरात जातो. पगार बंद असताना.

आणि एच-१बी वर, म्हणजे मालकाला बांधलेल्या कामाच्या व्हिसावर असाल तर ६० दिवस. त्यात नवा मालक शोधा, त्याने अर्ज भरला पाहिजे, नाहीतर गाशा गुंडाळा. ६० दिवस शेवटच्या पगाराच्या तारखेपासून मोजतात, इमेलच्या नव्हे. म्हणून तो बिनकामाचा पगारी काळ सोन्यासारखा. भत्त्याच्या अर्जात ‘तुम्ही कायद्याने लगेच दुसरं काम धरायला मोकळे आहात का’ असा प्रश्न असतो. माझ्या ओळखीतले बहुतेक एच-१बी वाले तिथेच थांबतात.

—

अवांतरानंद

वा, सुरुवात झाली. पॉपकॉर्न आणलेत.

माझा भाबडा प्रश्न. इतकं वाईट आहे तर सगळे अमेरिकेलाच का पळतात? जर्मनीत ६७ टक्के घरबसल्या मिळतात तर रांग तिकडे लागायला हवी. पगार कोण जास्त देतं ते सांगा की. सुरक्षितता पाहिजे तर तलाठ्याची परीक्षा द्यावी.

—

मुळामुठा

@अवांतरानंद, घरबसल्या मिळत नाहीत. नोकरी जाणार हे तीन महिने आधी कळलं तर तेव्हाच रोजगार कार्यालयात नाव घालावं लागतं. उशिरा कळलं तर कळल्यापासून तीन दिवसांत. अर्ज केल्याचे पुरावे मागतात. आणि स्वतःहून राजीनामा दिला, किंवा मालकाने पुढे केलेल्या ‘आपसात मिटवू’ छापाच्या करारावर सही केली, तर १२ आठवडे भत्ता बंद होऊ शकतो. हे शेवटचं नीट वाचा सगळ्यांनी. आपली मुलं भिडेखातर सही करतात.

पगाराचं म्हणाल तर मान्य. सॉफ्टवेअरमधल्या माणसाला अमेरिकेत दुप्पट मिळू शकतात. त्यातून विमा, पाळणाघर, कॉलेजची फी वजा करून काय उरतं ते ज्याचं त्याने बघावं.

@हडसनकाठ, जास्त काढणाऱ्याला जास्त कर हे भारी आहे. आमच्याकडे उलटं होतं. कंपन्या पन्नाशीच्या पुढच्या माणसांना रक्कम देऊन बाहेर काढतात आणि मधली दोन वर्षं विमा निधीच्या खांद्यावर टाकतात. पेन्शन लागेपर्यंतचा पूल म्हणून. भत्त्याचा काळ म्हाताऱ्यांसाठी जास्त ठेवण्यामागे दया होती, वापर असा होतो.

—

बिनव्याजी

दोन्ही देश कोविडमध्ये शेजारीशेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. एप्रिल २०२०. अमेरिकेत एका महिन्यात दोन कोटींहून जास्त नोकऱ्या गेल्या, बेकारीचा दर १४.८ टक्क्यांवर. त्याच महिन्यात जर्मनीत जवळपास ६० लाख लोक कुर्त्सआर्बाइटवर होते. म्हणजे काम कमी केलं किंवा थांबवलं, नोकरी कायम, बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० किंवा ६७ टक्के विमा निधीतून. पुढे ही टक्केवारी टप्प्याटप्प्याने वाढवली. जर्मनीतली बेकारी जेमतेम एक-सव्वा टक्क्याने वाढली.

जर्मनीने पैसा कंपनीमार्फत माणसाला दिला आणि नातं टिकवलं. अमेरिकेने नातं तुटू दिलं आणि पैसा थेट माणसाला दिला: राज्याच्या भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर वर, जुलै २०२० अखेरपर्यंत. कमी पगारवाल्या कित्येकांना तो एकूण आकडा पगारापेक्षा जास्त होता. आणि गंमत बघा, एरवी कंजूष म्हणून बदनाम असलेला देश त्या चार महिन्यांत सर्वांत उदार होता.

कुर्त्सआर्बाइटची दुसरी बाजूही आहे. वादळ सरल्यावर तीच कंपनी तेच काम करणार असेल तर ते उत्तम. पण इंजिनाचे भाग बनवणारा कारखाना विजेच्या गाड्या आल्यावर पुन्हा उभा राहणार नसेल, तर माणसाला तिथे अडकवून ठेवण्यात त्याचाच तोटा. आजची जर्मनी याच पेचात आहे असं माझं मत.

आणि एक. जर्मनी कायमच अशी मवाळ होती असं समजू नका. जानेवारी २००५ मध्ये तिथले नोंदणीकृत बेकार ५० लाखांच्या वर गेले होते. त्याच महिन्यात हार्ट्झ-४ लागू झाला. त्याआधी विम्याचा भत्ता संपला की शेवटच्या पगाराला जोडलेली मदत जवळजवळ बेमुदत मिळे. ती काढून सगळ्यांना एकच सपाट रक्कम केली. तेव्हाचे चॅन्सेलर श्रोडर समाजवादी लोकशाही पक्षाचे, त्यांच्याच मतदारांनी त्यांना ते कधी माफ केलं नाही. पीटर हार्ट्झ हा माणूसही अजब. फोक्सवागनचा कर्मचारी विभागप्रमुख. १९९३ साली यानेच आठवडा २८.८ तासांचा करून सुमारे ३० हजार नोकऱ्या वाचवल्या होत्या. दहा वर्षांनी बेकारांचा भत्ता कापणाऱ्या कायद्याला त्याचं नाव लागलं, आणि २००७ मध्ये कामगार मंडळाच्या प्रमुखाला कंपनीच्या पैशाने खूश ठेवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली.

—

तुळशीबाग_ते_ऑर्हूस

वाचतेय. डेन्मार्कचं मी सांगते, कारण परिषदांमध्ये डेन्मार्कचं नुसतं कौतुक ऐकून कंटाळा आलाय. (इथे राहायला आवडतं, गैरसमज नको.)

गोष्ट अशी सांगतात: काढणं सोपं, भत्ता मोठा, आणि सरकार हात धरून नव्या नोकरीपर्यंत नेतं. मुळं १८९९ च्या सप्टेंबर तडजोडीत आहेत. कित्येक महिन्यांच्या टाळेबंदीनंतर मालकांनी संघटनांना मान्यता दिली आणि संघटनांनी ‘काम कसं चालवायचं, कोणाला ठेवायचं हे मालक ठरवेल’ हे मान्य केलं. आजही किमान वेतनाचा कायदा नाही, सगळं संघटना आणि मालक बसून ठरवतात. सरकार मध्ये पडलं तर दोघेही चिडतात.

आता भत्ता. पुस्तकात लिहितात ‘पगाराच्या ९० टक्के’. खरं आहे, पण वर टोपी आहे, महिन्याला २० हजार क्रोनरच्या आसपास, तेही करापूर्वी. दुकानात काम करणाऱ्या बाईला खरंच ९० टक्क्यांच्या जवळपास पडतात. ५० हजार कमावणाऱ्या इंजिनिअरला चाळीस टक्के. म्हणून इथले पांढरपेशे त्यावर आणखी एक खाजगी पगारविमा काढतात.

आणि हा भत्ता आपोआप नसतो! ‘आ-कासे’ म्हणजे बेकारी विमा मंडळ, त्याचं सभासद स्वतः व्हावं लागतं. महिन्याला साधारण ५०० क्रोनर, आणि हक्क मिळायला किमान एक वर्ष सभासदत्व लागतं. नवीन आलेली आपली मंडळी ‘कशाला पाहिजे, मला कोण काढतंय’ म्हणून वर्गणी वाचवतात. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने वाचवली. दोघं एकाच कंपनीत, एकाच आठवड्यात गेले. पुढचं सांगत नाही.

मुदत दोन वर्षं. २०१० पर्यंत ती चार होती. त्या निर्णयावर इथे अजून लोक हमरीतुमरीवर येतात.

पण एक गोष्ट मनापासून आवडते. नोकरी गेली म्हणून इथे कोणी तोंड लपवत नाही. जेवायला बोलावलं तर माणूस सरळ सांगतो, सध्या बेकार आहे, काही असेल तर कळव. आमच्या पुण्यात वर्षभर शेजाऱ्यांना सांगणार नाहीत, सकाळी डबा घेऊन बाहेर पडतील.

—

अवांतरानंद

पुण्यावर घसरलात, आता धागा शंभरी गाठणार.

—

निशीकसाईकर

जपान राहिलं. लेख आणि प्रतिसाद दोन्ही छान.

जपानची ख्याती आजन्म नोकरीची. कायद्यात तसं कुठेही लिहिलेलं नाही. न्यायालयांनी निकालानिकालाने एक भिंत बांधली: आर्थिक कारणासाठी काढायचं तर खरंच गरज होती का, ती टाळायचा प्रयत्न केला का, माणसं निवडायची पद्धत रास्त होती का, आणि कामगारांशी बोललात का. या चार कसोट्या. ‘रास्त कारण नसेल तर काढणं हा अधिकाराचा गैरवापर’ हे तत्त्व २००७ च्या श्रम करार कायद्यात आलं.

मग नको असलेल्या माणसाचं काय करतात? त्याला ‘ओइदाशिबेया’त बसवतात. हाकलण्याची खोली म्हणा. काम नाही, किंवा दिवसभर स्वतःसाठीच दुसरीकडे नोकरी शोधायचं काम. पगार चालू. माणूस लाजेने स्वतःहून राजीनामा देतो. आणि स्वतःहून दिला की बेकारी भत्ता लगेच सुरू होत नाही; आधी दोन महिने थांबावं लागे, एप्रिल २०२५ पासून एक. काढलेल्या माणसाला मात्र सात दिवसांच्या प्रतीक्षेनंतर लागू. म्हणजे कंपनीने ज्याला ढकलत ढकलत दारापर्यंत आणलं, तोच कागदावर ‘स्वेच्छेने गेलेला’ ठरतो.

भिंतीच्या आतले सुरक्षित, तर बाहेरचे? जपानमधल्या नोकरदारांपैकी तीनातला एकाहून जास्त आज अनियमित: कंत्राटी, अर्धवेळ, एजन्सीचे. कारखान्यांत एजन्सीची माणसं घ्यायला २००४ मध्ये मुभा मिळाली. २००८ च्या मंदीत पहिला घाव त्यांच्यावर. कंपनीची खोली होती, नोकरीबरोबर ती गेली. ३१ डिसेंबर २००८ ला तोक्योतल्या हिबिया बागेत स्वयंसेवी संस्थांनी आणि संघटनांनी त्यांच्यासाठी तंबू ठोकले, गरम जेवण दिलं. ही जागा मंत्रालयांच्या अगदी समोर. नववर्षाच्या सुट्टीत सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं की आपल्याकडे बेघर कामगार आहेत. आरोग्य व श्रम मंत्रालयाला आपलं सभागृह झोपायला उघडून द्यावं लागलं.

इथली आपली आयटीतली मंडळी बहुधा या दोन्हींच्या मध्ये असतात. कंपनी भारतीय, ग्राहक जपानी, करार वर्षावर्षाचा.

—

बिनव्याजी

@निशीकसाईकर, फार चांगला प्रतिसाद. हेच जर्मनीतही आहे, फक्त भिंत बुटकी. कारण न देता दोन वर्षांपर्यंत मुदतीचा करार करता येतो. एजन्सीचा कामगार एका ठिकाणी १८ महिने. दहा माणसांच्या आतलं दुकान असेल तर संरक्षणाचा कायदाच नाही. मिनीजॉबवाल्यांना, म्हणजे थोड्या पगाराची छोटी कामं करणाऱ्यांना, तर बेकारी विमाही नाही, आणि त्यात बायका जास्त. मुळामुठाताईंनी सांगितलेलं चित्र मोठ्या कारखान्यातल्या पक्क्या माणसाचं आहे.

—

लीड्सची_लेक

युकेबद्दल दोनच ओळी, कारण सांगण्यासारखं फार नाही. बेकारी भत्ता हा पगाराशी जोडलेलाच नाही, आठवड्याला ९२ पौंडांच्या आसपास, सहा महिने. इथल्या सामाजिक विम्याचा आराखडा मांडणाऱ्या बेव्हरिज साहेबांनी १९४२ मध्ये ‘सगळ्यांना सारखं’ म्हटलं ते चांगल्या मनाने, पण सारखं म्हणजे इतकं कमी होईल असं त्यांना वाटलं नसेल. रिडंडन्सीची, म्हणजे जागाच रद्द झाल्याची, भरपाई नोकरीला दोन वर्षं पूर्ण झाल्यावर. अन्याय्य बडतर्फीची दादही आतापर्यंत दोन वर्षांनंतरच. नव्या कायद्याने जानेवारी २०२७ पासून ती अट सहा महिन्यांवर येतेय. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर इथेही साधारण ६० दिवसच.

कोविडात मात्र ८० टक्के पगार, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत, सरकारने दिला. कायमची अशी सोय या देशाकडे नव्हतीच, काही आठवड्यांत उभी केली. सप्टेंबर २०२१ ला बंद.

—

बार्शी_लाईट

नमस्कार. मी परदेशात नाही, पण धागा अथपासून वाचला. दोन गोष्टी.

एक, हे सगळं वाचताना आपल्या रोजगार हमीची आठवण झाली. वि. स. पागे यांनी तासगावजवळ विसापूरला १९६५ मध्ये प्रयोग केला, ७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला, १९७७ मध्ये कायदा. त्यासाठी पगारदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. पुण्या-मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात ना, त्याचं मूळ तिथे आहे. शहरातल्या नोकरीवाल्याने गावातल्या बेकाराचा भार उचलायचा, हे आपण जर्मनांना न विचारता केलं होतं. पण शहरातल्याचीच नोकरी गेली तर त्याला काय? ईएसआय या कामगार विम्यामध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, २०१८ पासून. निम्मं वेतन, ९० दिवस, तेही पगार २१ हजारांच्या आत असेल तर. हिंजवडीतल्या पोरांना शून्य. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात कपातीसाठी सरकारी परवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांवर गेली. काढणं डेन्मार्कसारखं सोपं करायचं असेल तर करा, पण मग दुसरा अर्धा भाग कुठाय?

दुसरी गोष्ट घरची. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारचा आणि बाडेन-वुर्टेम्बर्गचा कुशल मनुष्यबळाचा करार झाला, दहा हजार मुलं पाठवायची म्हणून. तेव्हापासून आमच्याकडे जर्मन शिकायचं वारं आहे. माझा भाचा आयटीआय झालेला, इलेक्ट्रिशियन. त्याला तिथे शिकाऊ म्हणून बोलावणं येईल असं दिसतंय. मुळामुठाताई, तुम्ही सांगितलेले कायदे तुमच्यासारख्या इंजिनिअरचे. या पोराचं मध्येच काही बिनसलं तर त्याचं काय होईल? बहीण रोज विचारते.

—

हडसनकाठ

@बार्शी_लाईट, व्यवसाय कराचं माहीत नव्हतं. अनेक वर्षं भरला.

तुमच्या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर ताई देतीलच, पण एक सांगतो. देश निवडताना पगार आणि भत्ता दोन्ही दुय्यम धरा. मुक्कामाचा पक्का परवाना किती वर्षांत मिळतो ते बघा. इथे ग्रीन कार्डाला दर देशामागे ७ टक्क्यांची मर्यादा आहे, १९९० च्या कायद्यापासून. भारतीयांची रांग दशकांची. माझ्या शेजारचा माणूस मोठ्या हुद्द्यावर आहे, मुलगी इथे जन्मलेली, आता कॉलेजात, आणि नोकरी गेली तर आजही त्याच्याकडे तेवढेच ६० दिवस.

—

मुळामुठा

@हडसनकाठ, अगदी. इथे ब्लू कार्डवाल्याला (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना) बी-१, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत पक्का परवाना मिळतो, जुजबी येत असेल तर २७. तो हातात आला की नोकरी आणि मुक्काम यांची गाठ सुटते. त्याआधी नोकरी गेली तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं आणि नवी शोधायला काही महिने मिळतात. म्हणून मी नव्याने आलेल्यांना सांगते, शेअर बाजाराचे ॲप नंतर, आधी भाषेचा क्लास लावा. भत्ता मिळतो तो विमा भरला म्हणून. मुक्कामाचा हक्क ही वेगळ्या कार्यालयातली वेगळी फाईल. एक चालू आहे म्हणून दुसरी चालू राहील असं धरून चालू नये.

@बिनव्याजी, बरोबर आहे, माझं चित्र मोठ्या कारखान्याचं. पण बार्शी_लाईट यांच्या भाच्याच्या बाबतीत मजा अशी की शिकाऊ मुलाला एका अर्थी इंजिनिअरपेक्षा जास्त संरक्षण आहे.

@बार्शी_लाईट, दादा, बहिणीला असं सांगा. आउसबिल्डुंग म्हणजे शिकाऊ करार, साधारण तीन-साडेतीन वर्षांचा. आधी परीक्षेचा काळ, कमीत कमी एक महिना, जास्तीत जास्त चार. त्या काळात दोघांपैकी कोणीही करार मोडू शकतं, कारण न देता. हे चार महिने जपायचे. वेळेवर जाणं, आजारी असेल तर पहिल्याच सकाळी कळवणं, आणि व्यवसायशाळेतली हजेरी. या तिन्हींवरून मुलं अडचणीत येतात, कामावरून क्वचितच.

चार महिने संपले की मालकाला तसंच गंभीर कारण असल्याशिवाय त्याला काढता येत नाही. काम कमी झालं हे कारण सहसा चालत नाही. मुलाला मात्र तो व्यवसायच सोडायचा असेल तर चार आठवड्यांची नोटीस देऊन सोडता येतं. आणि करार मध्येच तुटला, त्यात मुलाचा दोष नसला, तर दुसरी शिकाऊ जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते.

दहा माणसांच्या आतल्या एखाद्या इलेक्ट्रिशियनच्या दुकानात गेला तर बेट्रीब्सराट असण्याची शक्यता कमी. तिथे तक्रार असेल तर जिल्ह्याच्या कारागीर चेंबरमध्ये शिकाऊंसाठी सल्लागार असतो, त्याच्याकडे जायचं, फुकट असतं. ईगे मेटालचं सभासदत्व शिकाऊंना पगाराच्या एक टक्क्यात मिळतं आणि वर्गणी नियमित असेल तर काही महिन्यांनी वकिलाची सोय त्यातच होते. इलेक्ट्रिशियनची कामं त्यांच्या कक्षेत येतात.

—

बार्शी_लाईट

धन्यवाद ताई, हे प्रिंट काढून बहिणीला देतो. एक शंका: समजा काढायचं पत्र आलंच, तर पोराने पहिल्यांदा काय करायचं? तो घाबरून लगेच सही करेल, ओळखतो मी त्याला.

—

मुळामुठा

पत्र मिळाल्याची सही मागतील. ‘मिळालं’ एवढंच लिहून, तारीख टाकून सही केली तर बिघडत नाही. ‘मान्य’ असं कुठेही असेल तर करायची नाही, घरी नेऊन वाचतो म्हणायचं. तोंडी, व्हॉट्सॲपवर किंवा इमेलवर काढलं तर ते ग्राह्यच नाही. कागदावर, शाईच्या सहीनेच लागतं. तरी तो दुसऱ्या दिवशी कामावर हजर राहिलेला बरा.

पक्क्या नोकरीवाल्यांसाठी पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत श्रम न्यायालयात दावा लावावा लागतो. एक दिवस उशीर झाला तर चुकीचं पत्रही बरोबर ठरतं. शिकाऊंच्या बाबतीत काही चेंबर्समध्ये आधी समेट समितीसमोर जावं लागतं, ती आहे का हे चेंबरलाच फोन करून विचारायचं, त्याच आठवड्यात. पहिल्या पातळीवर वकील सक्तीचा नाही, न्यायालयाच्या अर्ज खिडकीवर तोंडी सांगितलं तरी ते दावा लिहून घेतात. त्याच्या जर्मनची पातळी किती आहे सध्या? बी-१ झालं असेल तर मी इथल्या एकदोन दुकानांची चौकशी करून बघते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.